डाव्या आरशाची कुरकुर

गाडी दुकानासमोर थांबली आणि तिचा उजवा आरसा शहाण्यासारखा मिटला. डावा मात्र जागच्या जागी कर्र-कर्र करत राहिला, जेवायला बसवलेल्या हट्टी पोरासारखा.

दुरुस्तीच्या दुकानात ती बाकावर बसून कुणाच्या तरी गाडीचा दिवा जोडत होती. मान वर न करताच म्हणाली, “हाताने ढकललात ना?”

“मी? छे!” गाडीतून उतरलेला तो म्हणाला. “कुणाचा तरी धक्का लागला असेल.”

“सगळे असंच म्हणतात.”

मग तिने मान वर केली. भुरभुर पावसात भिजलेले केस, हातात रक्ताच्या बाटल्यांची पेटी आणि डोळे... डोळे बघून तिने घाईघाईने आरशाकडे पाहिलं. घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढून आणायचं, ही त्याची नोकरी.

“लोकांचं रक्त काढून पोट भरतो म्हणे,” गल्ल्यावरून आत्या पुटपुटली. दुकान आत्याचं, वरचं घर आत्याचं आणि भाचीही आपल्याच मालकीची, असं आत्याचं मत.

तिने आरशाचं कवच उघडलं, आतलं दातेरी चाक जागेवर बसवलं आणि त्याला समोर उभं करून बजावलं, “हा बटणाने मिटायचा, बटणानेच उघडायचा. हाताने ढकललात की आतला दात निसटतो. कुणाचा धक्का लागलाच, तर बटणाने पूर्ण मिटवा, मग पूर्ण उघडा. टक् वाजलं की बसला जागेवर. सांध्यातली धूळ ओल्या फडक्याने पुसा. पाण्याचा जोरात फवारा नको. आणि तेल तर अजिबात नको, धूळ चिकटते.”

“एवढी काळजी माझी आईसुद्धा माझी घेत नाही.”

“तुमचे दात हलतात का? हलले की या.”

तो हसला. दुकानापासून वळणापर्यंतची गल्ली इतकी अरुंद, की शहाणा माणूस दोन्ही आरसे मिटून जातो. हा मात्र उघडे ठेवूनच निघाला. भिंतीला घासतो की काय म्हणून तिचा जीव वर-खाली झाला. आरशासाठी हं... त्याच्यासाठी नव्हे.

आठवडाभरात तो परत आला. डाव्या आरशाचं कर्र-कर्र सुरूच.

“हात लावला नाही. शपथ.”

तिने कवच उघडलं. तोच दात, तसाच निसटलेला. कुणीतरी तळहाताने दाबून ढकलल्याशिवाय असं होत नाही. तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्यानेही पाहिलं. दोघांनाही मान वळवायला जरा जास्तच वेळ लागला.

तो गेल्यावर आत्या म्हणाली, “याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. माझं ऐक, असल्यांना दारात उभं करू नये.”

“आत्या, गिऱ्हाईक आहे तो.”

“असं तुला वाटतं!”

तिसऱ्या वेळी तो आला, तेव्हा तिला हसू आलं नाही. फुकट दुरुस्तीचं एक वेळ चाललं असतं. पण एक तर तिचा हात कच्चा, नाही तर त्याची जीभ खोटी. तिसरं काही असूच शकत नव्हतं. आणि खोट्या जिभेचा अनुभव तिने घेतला होता. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. मुलाने सांगितलेली नोकरी नव्हतीच, घर दुसऱ्याचं होतं, आणि हे सगळं कळलं ते अंगठी बोटात गेल्यावर. तेव्हापासून पुरुषाच्या गोड बोलण्यावर तिने विश्वास ठेवला नव्हता.

आणि नेमका आजच तो पेटीच्या कडीशी चाळा करत विचारत होता, “रविवारी... मोकळ्या असता का तुम्ही?”

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. “आरसा टिकला तर सांगते.”

“आरशावर आहे होय सगळं?”

“सगळं.”

तो आत्याने दिलेला चहा प्यायला आत गेला. दाते नीट जुळतात का बघायला दुकानात एक निळा लेप असायचा. एकदा कातडीला लागला की आठवडाभर साबणाला दाद देत नाही. गाडीही निळीच. तिने आरशाच्या पाठीवर, जिथे ढकलणाऱ्याचा तळहात पडतो नेमका तिथे, काडीने लेप फिरवला आणि निमूटपणे हात धुवायला मागे गेली. आता कळेलच, म्हणाली मनात. देवा, याचे हात स्वच्छ निघू देत, हेही म्हणाली. पण ते अगदी हळू.

संध्याकाळी आत्याने उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं. “भाजलं,” एवढंच म्हणाली.

चारच दिवसांनी पुन्हा कर्र-कर्र!

“हात पुढे करा,” ती कडाडली.

त्याने केले. तिने उलटे केले, सुलटे केले, नखं पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. निळा ठिपका नाही.

“धरायचेच होते तर नुसतं सांगायचं,” तो म्हणाला. “मध्ये आरसा कशाला?”

तिने हात झटकन सोडले. पण चेहरा उतरला. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. म्हणजे तिचाच हात... “माझंच काम कच्चं आहे,” ती कशीबशी म्हणाली.

“नाही हो! मला वाटलं, तुम्हीच मुद्दाम... म्हणजे मी परत यावं म्हणून...”

“मी? मी मुद्दाम काम बिघडवीन?”

“मला आवडलं होतं ते,” तो खाली मान घालून म्हणाला.

गल्ल्यावर आत्याला जोराचा खोकला आला. चष्मा सावरायला तिने हात वर नेला. चष्म्याची काडी निळी होती. कानही निळा होता.

“आत्या... हात दाखव.”

“भाजलाय म्हटलं ना!”

“निळा भाजला?”

आत्याने फडकं सोडलं. तळहात शाईच्या दौतीत बुडवल्यासारखा. पण आत्या वरमणारी बाई नव्हे. “ओरडू नकोस. पहिल्यांदा तुम्ही दोघं आत पैशांचा हिशेब करत होतात, मी बादली घेऊन बाजूच्या दाराने निघाले, तर वाटेत हा आरसा. ढकलला. जन्मभर आरसे हातानेच ढकलत आले, तुझी बटणं कोण लक्षात ठेवतो? पण तो परत आला, आणि त्या दिवशी तू काम करताना गुणगुणत होतीस. दोन वर्षांनी! मग... पुढच्या दोन वेळी बादली नव्हती.”

“आणि मला सांगत होतीस, दारात उभं करू नको!”

“कर म्हटलं असतं तर केलं असतंस?”

तिने आरसा उघडून दात जागेवर बसवला. एकच शंका उरली होती. “मग गल्लीतून जाताना आरसे का मिटत नाही? भिंतीला लागले असते म्हणजे?”

तो आरशाकडे बघत म्हणाला, “वळणापर्यंत... डाव्या आरशात तुम्ही दिसता. दारात उभ्या. मिटू कसा?”

तो निघाला की दर वेळी बाकावरून उठून आपण दारात का जातो, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने कवच लावलं, फडक्याने सांधा पुसला, आत्याचे निळे ठसे पुसले.

“मिटा आता. गल्ली अरुंद आहे.”

“पण मग...”

ती वळसा घालून गेली आणि डाव्या दाराने आत बसली. “मी दारात नाही आता. कुणाला बघणार आहात?”

“आज रविवार नाही,” तो म्हणाला.

“ही नुसती चाचणी. रविवारचं वळणावर सांगते.”

त्याने बटण दाबलं. दोन्ही आरसे एकदम मिटले... टक्. कुरकुर नाही.

मागून आत्या ओरडली, “काचा खाली ठेवा! माझं लक्ष आहे!”