पुसलेलं उणे चिन्ह

धाराशिवच्या कॉलेजात रविवारी वर्गातले फळे मोकळे असतात, म्हणून मी तेरहून एसटीनं येऊन तिथंच गणितं करायची. त्या रविवारी चहा पिऊन परतले, तर एक अनोळखी तरुण डस्टर घेऊन माझ्या फळ्यासमोर उभा... आणि माझं एक उणे चिन्ह गायब.

"चुकलं होतं, नीट केलं," तो म्हणाला. वर उपकार केल्यासारखा हसला.

हा कुलदीप, अणदूरचा, तासिका तत्त्वावर शिकवायला नवीनच लागलेला. माझ्या हातातला खडू मोडला. नेहमीच्या गुरुत्वाकर्षणात अवकाश नुसतं वाकतं, पण मी अभ्यासते त्या सिद्धान्तात त्याला पीळही पडतो, हे मी त्याला दात-ओठ खात समजावलं. कणांच्या अंगचा स्पिन, म्हणजे त्यांची उपजत फिरकी, तो पीळ पाडतो. कमालीच्या दाटीत तोच पीळ कणांना एकमेकांपासून लांब ढकलतो आणि विश्व बिंदूत कोसळायचं वाचतं. माझ्या मांडणीत काळाला उणे लावतात, त्याच्या सवयीत अधिक. त्यानं सवयीनं एकाच जागी चिन्ह बदललं आणि ढकलण्याच्या जागी ओढ आली.

"म्हणजे मी सगळं विश्व बुडवलं व्हय?" त्याचे कान लालबुंद झाले होते. रागावलेलं राहणं अवघडच गेलं.

मग तो दर रविवारी यायला लागला. येताना गुलाबजाम आणायचा, डस्टर उचलायच्या आधी माझ्याकडं बघायचा. मी पावसात भिजून आले की पंखा लावायचा. मला तो आवडायला लागला. त्यालाही मी आवडते, हे पंख्यालाही कळलं असेल. पण आम्ही बौद्ध, ते मराठा. घरी काय होईल, या भीतीनं तो गप्पच.

अशातच मला बेंगळुरूला संशोधनाची जागा मिळाली. शेवटच्या रविवारी तो हळूच म्हणाला, "तुमचा हा पीळ... लांबवर पोचतो का?"

"न्हाय. या सिद्धान्तात जिथं पदार्थ, तिथंच पीळ. बाहेर पोकळीत काहीच नसतं."

त्यानं हातातला खडू खाली ठेवला. "बेंगळुरू लई लांब हाय."

बास झालं, असं मला वाटलं. याची वाट बघत बसले तर म्हातारी होईन.

"ते कणांचं झालं, कुलदीप. मला तुम्ही आवडता. मी बेंगळुरूला जाणार, आणि लग्न तुमच्याशीच करणार. काल घरी सांगून टाकलं. आई रडली, बाबा अजून बोलत नाहीत. बोलतील. आता तुमच्या घरी कोण सांगणार?"

 तो डोळे पुसून हसला.

"आजच सांगतो. पण... एकट्याला भ्या वाटतंय. तू येतीस?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मी पिशवी उचलली, आणि आम्ही दोघं अणदूरच्या गाडीत एकाच बाकावर जाऊन बसलो.