पहाटेच्या शंभर कांड्या

पुढ्यातलं ताट दोन बोटं सरकवून बाळाराम म्हणाला, "धुरपे, तुज्या ताईला सांग, भाजीत मीठ कमी हाय."

ताई, म्हणजे कलावती, त्याच्यापासून हातभर अंतरावर भाकरी थापत बसली होती. दहा बाय बाराच्या खोलीत याहून लांब बसायची सोय नव्हती. धाकट्या द्रौपदीने निरोप पोचवला, कलावतीने मीठ काढून दिलं, द्रौपदीने ते अप्पांच्या ताटात ठेवलं... असा सोळा महिने त्या घरात टपालाचा कारभार चालला होता, आणि त्यात एकही निरोप आजवर गहाळ झाला नव्हता. गहाळ झाली होती ती फक्त एक हाक. 'कला' ही.

बाप म्हणून बाळारामात खोट नव्हती. भिवंडीतल्या मजीदशेठच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये तो रातपाळीचा जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा कारागीर होता. रुसलेला लूम त्याचा हात लागताच चालू व्हायचा. बायको गेली तेव्हा थोरलीने सातवीतून नाव काढलं आणि त्याच शेडमध्ये दिवसपाळीला कांड्या भरायला लागली. याचा सल त्याच्या काळजात इतका खोल रुतला होता की भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर त्याने शब्द दिला होता, धाकटी शेडचा उंबरा ओलांडणार नाही. ती शिकेल. शाळेत हॉकी खेळते तर खेळू दे, पण सराव शाळेच्या वेळातच. पहाट पुस्तकाची. पहाटे काठी हातात दिसली तर ती चुलीत जाईल.

आणि शाळेच्या शमीम टीचर द्रौपदीला म्हणाल्या होत्या, "गोलकीपर चांगली आहेस. पण सगळ्यांइतकाच सराव करशील, तर सगळ्यांइतकीच राहशील."

हॉकीची काठी टोकाला वाकडी असते, यापलीकडे कलावतीला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. पण कांडी कळत होती. सूत गुंडाळायची लाकडाची कांडी एका टोकाला जाड, दुसऱ्याला निमुळती. जमिनीवर फेकली तर कुठे उसळेल हे तिचं तिलाही माहीत नसतं. जी पोर कांडी अडवेल तिला चेंडू म्हणजे अगदीच सज्जन प्राणी वाटेल! शेडमधल्या फुटक्या कांड्यांचं पोतं मागून आणून रोज पहाटे, अप्पा कामावर असताना, ती बहिणीला मैदानावर न्यायची. शंभर कांड्या. एक कमी नाही. द्रौपदीच्या नडग्या काळ्यानिळ्या व्हायच्या, त्यांना हळद लावताना कलावतीचेच डोळे भरून यायचे, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा शंभर...

मैदानाला लागूनच शेडची रांग. लूमच्या खडखडाटात हाक ऐकू जात नाही; म्हणून शेडमधली माणसं हातांनी बोलतात. कलावतीनेही बहिणीला तीच भाषा शिकवली. गाठ मारल्यासारखी चिमटीत चिमूट फिरवली की 'सुताची तार तुटली, जोड'. मूठ पुढे ढकलली की 'लूम सोड', पुन्हा चालू कर. मैदानावर त्याचा अर्थ, चुकलं ते चुकलं, आता पुढचं अडव.

एका पहाटे बाळारामने शेडच्या खिडकीतून हे पाहिलं. भिंतीच्या आडोशाने द्रौपदी दिसत नव्हती. दिसली ती एकटी कलावती, हसून कोणाला तरी खुणा करणारी. बाकी जगातल्या कुठल्याही बापाला वाटलं असतं, पोर व्यायाम करतेय. पण हा जॉबर. त्याला प्रत्येक खूण वाचता आली, आणि तिथेच घात झाला. ही भाषा धाकटीला येत नाही, ती आपण येऊच दिली नाही. म्हणजे समोर कोणी लूमवाला आहे. समोरच्या शेडमधला तो तरणा विठू, नक्की!

"कोनाला खुना करीत व्हतीस?" त्याने घरी येऊन विचारलं.

कलावतीने दारामागच्या हॉकीच्या काठीकडे पाहिलं. मग चुलीकडे. चूल पेटलेली होती.

तिने तवा चढवला आणि भाकरी थापायला घेतली. पुढच्याच आठवड्यात खारबावचं स्थळ आलं आणि ते तिने नाकारलं, कारण मग शंभर कांड्या कोण फेकणार? बापाला हवा तो पुरावा मिळाला. त्या दिवसापासून ती हाक गेली. द्रौपदी रडून म्हणायची, मी सांगते अप्पांना. आणि ताई दरडावायची की निवड होईपर्यंत तोंड उघडशील तर तुला माझी शपथ.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत जिल्ह्याची फायनल भिवंडीतच झाली. जिंकेल त्या संघाची गोलकीपर राज्याच्या शिबिराला जाणार होती. शमीम टीचर स्वतः सकाळी पाळी सुटताना शेडच्या दारात जाऊन बाळारामला घेऊन आल्या. तो मैदानाच्या त्या कडेला, कलावती या कडेला. घरातल्यापेक्षा अंतर थोडं जास्त, इतकंच.

बरोबरी झाली. मग पाच-पाच फटके. भिवंडीच्या पोरींनी तीन गोल केले. समोरच्या ठाण्याच्या संघाचे पहिले दोन फटके आत गेले आणि द्रौपदीचे खांदे पडले. गर्दी ओरडत होती, लूम खडखडत होते. तिने घाबरून ताईला शोधलं.

कलावती उभी राहिली. तिने चिमटीत चिमूट फिरवली. मूठ पुढे ढकलली.

आणि तेव्हाच तिला पलीकडे अप्पा दिसले. त्यांनी ती खूण वाचली होती. सवयीने त्यांची नजर वळली ती विठूच्या शोधात... आणि थेट गोलमध्ये जाऊन थांबली. तिथे त्यांची धाकटी, शेडचा उंबराही न पाहिलेली, मूठ पुढे ढकलून उत्तर देत होती.

तिसरा फटका पायाने अडला. चौथा काठीने. पाचवा उसळून वेडावाकडा आला, अगदी कांडीसारखा, आणि द्रौपदीने तो असा थांबवला जसा ओळखीचा पाहुणा दारातच थांबवावा.

मैदान नाचू लागलं. बाळाराम नाचला नाही. त्याने कलावतीकडे पाहत हात छातीला लावला, मग दोन बोटं ताडकन विलग केली. शेडमध्ये ही खूण नवशिके कारागीर करतात. जॉबरने केल्याचं कोणी पाहिलेलं नाही. तिचा अर्थ एकच, तार माझ्या हातून तुटली.

कलावतीला समोरचं काही दिसेना, पण हात चुकले नाहीत. चिमटीत चिमूट.

रातपाळीला निघण्याआधी तो जेवायला बसला. द्रौपदी निरोपासाठी सवयीने पुढे सरकली. त्याने तिला हातानेच मागे सारलं.

"कला... मीठ कमी हाय ग."

मीठ अगदी बरोबर होतं. तरी तिने चिमूटभर उचललं आणि स्वतःच्या हाताने बापाच्या ताटात वाढलं. आणि त्याने ती खारट भाजी दोनदा मागून खाल्ली.