कानाची टाळू

जत तालुक्यातल्या दुसरीच्या कुठल्याही मुलाला विचारा, विहिरीवरची मोटर कुठल्या सुरात चालते. तो डोकंसुद्धा न खाजवता सांगेल, पेटीची काळी चार. दुधाच्या टेम्पोचा हॉर्न पांढरी दोनच्या जरासा खाली बोलतो हेही सांगेल, आणि टेम्पोवाल्याला तो बदलून घ्यायचा सल्ला देईल. प्रार्थनेला उभी राहिलेली चाळीस पोरं एका गळ्यानं गातात. पाहुणे म्हणून आलेले अधिकारी चष्मा काढून डोळे पुसतात आणि फोटो काढून निघून जातात.

तीन वर्षांपूर्वी हा तालुका असा नव्हता. तिकडच्या अकरा वस्तीशाळांना मिळून एकच संगीत शिक्षिका होती, मिरजेच्या, पन्नाशी उलटलेल्या वृषाली कोठावळे. स्कूटरच्या मागे पेटी बांधून त्या उन्हातान्हात फिरायच्या. पेटीच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या, म्हणून बाई ते दोन सूर नसलेलीच गाणी निवडायच्या. ठेक्याला नारळाच्या करवंट्या, सा रे ग म शिकवायला कमीजास्त पाणी भरलेले काचेचे ग्लास, असा सगळा संसार. एका शाळेची पाळी पंधरा दिवसांनी यायची, आणि तोवर मुलं निम्मं विसरलेली असायची. पहिले पाढे पंचावन्न.

मग पुण्याहून डॉ. अनिरुद्ध शेटे आले. कान आणि मेंदू हा त्यांचा विषय. बाईंना त्यांनी तो फार सोप्या शब्दांत समजावला होता.

"तान्ह्या बाळाची टाळू मऊ असते ना, बाई? आपण तिथं तेल भरतो. पुढे ती भरून येते, टणक होते. ऐकण्याचंही तसंच आहे. मेंदूचा ऐकणारा भाग पहिली काही वर्षं मऊ असतो. त्या काळात कानावर जे पडेल ते आत कायमचं बसतं. चौथ्या-पाचव्या वर्षी ही कानाची टाळू भरते. मग गाणं शिका नाहीतर नवी भाषा शिका, घाम गाळावा लागतो."

"आणि तुम्ही ती परत मऊ करणार?"

"सहा आठवडे. एक औषध आहे, शनिवारच्या चिक्कीत घालून देता येतं. निरुपद्रवी आहे. तेवढ्या दिवसांत मुलांनी रोज एका चांगल्या आवाजात सूर ऐकायचे, बस."

आवाज ऐकवायला डबा होता. भंगारात गेलेल्या मोबाइलांचे भाग काढून ते जेवणाच्या स्टीलच्या डब्यात बसवलेले. उन्हावर चालणारा, पोराच्या हातून पडला तरी न बिघडणारा, मुलांचं गाणं ऐकून चूक सांगणारा. हे सगळं चालवायला सूरशाळा मंडळ नावाचं एक मंडळ स्थापन झालं. प्रत्येक शाळेला वेगळा आवाज परवडणारा नव्हता. एकच आवाज सगळीकडे जाणार होता, आणि तो कोठावळे बाईंचा ठरला.

एकवीस दिवस बाई पुण्यात काचेच्या खोलीत बसून गायल्या. शेट्यांना फक्त सरगम हवी होती. हट्ट बाईंचाच होता. "अहो, लाडीगोडी लावल्याशिवाय मूल शिकतं का? पाठीवरून हात फिरवावा लागतो. हात तुमच्या डब्याला नाही, निदान शब्द तरी द्या." असं म्हणून त्या माइकसमोर बोलल्या, ये बाळा, जवळ बस. घाबरू नको, मी आहे ना. शाब्बास माझ्या चिमणे. मराठी शाळेतली कुठलीही चांगली बाई जे दिवसातून दहादा बोलते तेच त्या बोलल्या, आणि मनापासून बोलल्या. ही त्यांची चूक म्हणायची की चांगुलपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलं त्या डब्याला डबा म्हणत नाहीत. बाई म्हणतात.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी बाईंच्या मिरजेच्या घराची कडी वाजली. दारात एक तिशीच्या आतली बाई आणि तिचं बोट धरलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी उभ्या होत्या.

"कोण पाहिजे?" बाईंनी विचारलं.

हे दोन शब्द ऐकले मात्र, मुलीनं आईचं बोट सोडलं, सरळ घरात आली आणि बाईंच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. बाईंनी तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

आईचं नाव कोमल करांडे. करांडेवस्तीवरून आली होती, शाळेच्या गुरुजींकडून पत्ता घेऊन. मुलगी ईश्वरी. दिलेलं पाणीही कोमलनं हातातच धरून ठेवलं.

"तुमी हिला जेव म्हनून सांगा, बाई. कालधरनं पोटात काय न्हाई. शनिवारी शाळा लवकर सुटती, डबा बंद. सोमवारी डबा जेवा म्हनला की मग जेवती."

"तुमचं ऐकत नाही?"

"उलटं बोलत न्हाई, हट्ट न्हाई करत. आय हाय म्हनून वळखती मला. पन माझी हाक हिच्या आत पोचतच न्हाई. मागल्या म्हैन्यात ट्रॅक्टर मागं येत हुता. मी जीव तोडून हाक मारली. साऱ्या वस्तीला ऐकू गेली. हिनं मान न्हाई वळवली." तिनं मुलीच्या पायावरचा परकर वर केला. पोटरीवर टाक्यांची लांब रेघ होती. "तुमी बोलवलं असतं तर थांबली असती."

बाईंनी आमटीभात कालवला, ताट मुलीपुढं ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जेव बाळा." मुलगी भराभर जेवायला लागली. कोमल तिच्याकडे बघत बसली. त्या नजरेत कृतज्ञता होती आणि असूयाही होती, आणि बाईंना दोन्हींची सारखीच लाज वाटली.

त्यांनी आतल्या खोलीत जाऊन शेट्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"दिवाळीपासून अशा तक्रारी येताहेत," शेटे म्हणाले. "आम्ही ती टाळू सुरांसाठी उघडली. पण तान्हं मूल आईच्या आवाजातून फक्त सूर उचलत नाही, बाई. विश्वास कुणावर ठेवायचा हेही ते त्याच दारातून आत घेतं. दार उघडलं तेव्हा समोर तुमचा आवाज होता. तो नुसता गात नव्हता, माया करत होता."

"मग पुन्हा चिक्की द्या. या वेळी आयांना बोलू द्या."

"दुसऱ्यांदा उघडलेली टाळू तिसऱ्यांदा उघडत नाही. निदान उंदरांमध्ये तरी नाही उघडली."

"किती मुलं आहेत अशी?"

"राज्यभरात मिळून दोन लाख ऐंशी हजार."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. "तुम्ही मंडळाला कळवलंत?"

"लगेच. मला वाटलं होतं, घाबरून प्रकल्प बंद करतील." शेटे अडखळले. "ते खूश झाले. हजेरी शंभर टक्के आहे, बाई. मूल डब्याचं सांगणं मोडत नाही. त्यांनी नव्या वाक्यांची यादी केली आहे. हात धुवा, गोळी घ्या, अशी सुरुवात आहे. पुढची पानं मला दाखवली नाहीत."

"मी एक अक्षर बोलणार नाही."

"तुम्ही बोलायची गरज नाही. एकवीस दिवसांचा आवाज त्यांच्याकडे आहे. त्यातून ते हवं ते वदवून घेतात. करारावर सही तुमची आहे, आणि माझीही."

बाई बाहेर आल्या तेव्हा ईश्वरी ताट चाटूनपुसून त्यांचीच वाट बघत होती. कोमल उठली आणि एकदम बाईंचे पाय धरायला वाकली. "एकदा सांगा तिला. आयचं ऐक म्हनून सांगा. मला बाकी काय नको."

बाईंना ते करायचं नव्हतं. दुसऱ्याच्या हुकमावरून मिळालेली माया ती कसली माया, असं त्यांना वाटत होतं. पण पोटरीवरची रेघ त्यांनी पाहिली होती. त्यांनी मुलीला समोर घेतलं. "ईश्वरी, ही तुझी आई. हिची हाक आली की थांबायचं. ही सांगेल ते ऐकायचं."

मुलगी वळली, आईच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिच्या गळ्यात हात टाकला. कोमल हमसून हमसून रडली. रडता रडता तोंडाला येईल ते बोलत राहिली, की हा डबा दगडानं फोडला पाहिजे, सगळ्या वस्तीवरच्या आया मिळून फोडतील, गुरुजीही काही म्हणणार नाहीत. बाईंनी तिला गप्प केलं नाही. उलट, मीही येते, असं त्या म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी त्या खरोखरच करांडेवस्तीवर पोचल्या. कोमल शाळेच्या फाटकाशी उभी होती, आणि दोनच दिवसांत तिच्या चेहऱ्यावर मांस चढल्यासारखं वाटत होतं. "हाकंला येती, बाई," ती म्हणाली. "काल दोनदा आली."

आत सरगम संपत होती. ती इतकी सुंदर होती की बाई क्षणभर आपण कशाला आलो तेच विसरल्या. मग डबा बोलला, त्यांच्याच आवाजात.

"शाब्बास, बाळांनो. आता एकेकानं माझ्याजवळ या. परवा आणि काल घरी काय काय बोलणं झालं, ते मला सांगायचं. मी ऐकतेय."

हे वाक्य बाईंनी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. मुलांनी रांग धरली. एका कोपऱ्यात गुरुजी खाली मान घालून हजेरी भरत होते. रांगेत पहिली ईश्वरी होती.

"ईश्वरी, नको," बाई दारातून म्हणाल्या. "आईकडे ये."

मुलगी थांबली. तिनं बाईंकडे पाहिलं, फाटकाशी उभ्या आईकडे पाहिलं. कोमलनंही हाक मारली.

"ये बाळा," डबा म्हणाला. "घाबरू नको, मी आहे ना."

मिरजेच्या घरात आवाज एकच होता, तेव्हा प्रश्न आला नव्हता. इथे एकाच आवाजाची दोन माणसं दोन गोष्टी सांगत होती. ईश्वरीनं मान जराशी कलती केली आणि ऐकलं, जसं तिला शिकवलं होतं तसं, नीट, श्वास रोखून. तीन वर्षांत माणसाचा आवाज उतरतो. डब्यातला उतरत नाही.

"तुमी खाली हाय," ती बाईंना अगदी अदबीनं म्हणाली. "पाव सूर." आणि डब्याजवळ जाऊन मांडी घालून बसली.

"आमची आय म्हनली, डबा फोडायचा. समद्या आया मिळून फोडनार हायत. गुरुजीबी काय म्हननार न्हाईत."

कोपऱ्यात गुरुजींचा पेन थांबला.

"हुशार आहेस," डबा म्हणाला. "कुठं म्हणाली? अजून कोण होतं तिथं?"

"मिरजंला. एक म्हातारी हुती," ईश्वरी म्हणाली. "तुमच्यासारखं बोलायची. पन ती तुमी नव्हता."