फितीचं दुसरं टोक

बसा. घाबरट असाल तर आधीच सांगा, म्हणजे दिवा जरा मोठा करतो. मी घाबरणाऱ्यातला नाही. वीस वर्षं जुन्या झाडांची मापं घेतोय. माझं माप चुकलं म्हणणारा अजून जन्माला यायचाय.

त्या दिवशी जोडीदार आजारी होता, म्हणून दाजींना सोबत नेलं. थोरल्या ताईचे यजमान, निवृत्त शिक्षक. तीन महिन्यांपूर्वीच त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. ताईनं दारातच बजावलं, "त्यांना दमवू नकोस. तुझ्या भरवशावर पाठवतेय."

"अगं, झाडाला फेरी मारायचीय, डोंगर नाही चढायचा," मी म्हटलं.

झाडापाशी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, पण धुकं हटलं नव्हतं. खोड एवढं अवाढव्य की त्याच्यामागे आमची जीप सहज लपली असती. ओल्या सालीचा कुजकट वास येत होता. पाखराचा आवाज नाही.

आमची रीत साधी. एकानं फितीचं टोक छातीच्या उंचीवर सालीला दाबून धरायचं, दुसऱ्यानं फीत सोडत खोडाला फेरी मारून परत यायचं. तोवर टोक धरणाऱ्यानं जागा सोडायची नाही. पहिली फेरी मी मारली. घेर भरला चौदा मीटर. खात्रीसाठी दुसरं माप घ्यावंच लागतं. "आण इकडे, मी काय म्हातारा झालो?" म्हणत दाजींनी फीत घेतली आणि ते खोडाआड गेले.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

"दाजी, कुठवर?"

"आलोच..."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. "आलोच रे..." आवाज आता फार लांबून आला. चौदा मीटरच्या फेरीत माणूस लांब जाईल तरी कुठे? यांच्या छातीत कळ तर आली नाही ना? रीत गेली खड्ड्यात! मी टोक सोडलं आणि फितीवर हात ठेवून पळत सुटलो.

आठ मीटर. चौदा. इथे माझी पहिली जागा यायला हवी होती... आली नाही. वीस. चोवीस. वळण संपेचना. सव्विसावर दाजी दिसले, घामानं चिंब, दोन्ही हातांनी फीत धरलेले.

"तू इथे?" ते कुजबुजले. "मग... टोक कोणी धरलंय?"

मी पाहिलं. फीत ताणलेलीच होती.

तेवढ्यात धुक्यातून माझाच आवाज आला. तोच माझा तोरा. "दाजी, या ना लवकर! मी टोक धरून उभा आहे."

दाजी माझ्याकडे बघत एक पाऊल मागे सरले. मी विचार केला नाही. फीत हिसकावून फेकली, त्यांचा दंड धरला आणि झाडाकडे पाठ करून सरळ चालू लागलो. ते हात सोडवू पाहत होते. मी सोडला नाही. शेवटी जीप सापडली.

दाजी आता ठणठणीत आहेत. ताईला दिलेला शब्द मी पाळला. पण ते माझ्यासोबत एका खोलीत बसत नाहीत. परवा ताईनं खडसावून कारण विचारलं, तेव्हा माझ्यादेखतच म्हणाले, "तो हाका मारत होता गं... जीप सुरू झाल्यावर तर रडायलाच लागला. म्हणत होता, दाजी, मला इथे टाकून जाऊ नका."

ताई हसली. मग हसायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.