मोरी नसलेला भराव

पटणार नाही, माहीत आहे. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. आणि रात्री नाही, संध्याकाळी पाचच्या उजेडात.

साल १९७३. भाद्रपद. सोलापूरहून अक्कलकोटच्या बाजूला जाणारा एक कच्चा रस्ता.

आदल्या वर्षी दुष्काळी कामावर तो आम्हीच बांधला होता. मी मिस्त्री. वय चोवीस, आणि अक्कल पाजळण्यात पटाईत. मध्ये एक खोलगट जागा लागली. दोन-तीन वर्षं पाण्याचा थेंब नाही, तिथून बैलगाड्या जायच्या. मी कागदावर लिहिलं, 'गाडीवाट'. गाडीवाटेला मोरी, म्हणजे पाण्याला रस्त्याखालून वाट, कशाला? काळी माती टाकून बारा फूट उंच भराव केला.

मातीच्या पाट्या टाकणारी म्हातारी नागव्वा मात्र रोज भुणभुण करायची.

"मिस्त्री, हे हळ्ळ हाय की. ओढा हाय ओढा! पानी आलं तर कुटनं जाईल? मोरी ठेवा."

मजूर हसायचे. मला राग यायचा. तिचं तोंड बंद व्हावं म्हणून मी तिला उन्हात खडी फोडायला बसवलं.

वैशाखात ऊन लागून ती तिथेच गेली...

मग भाद्रपदात चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी भरावावर उभा होतो. सोबत बिरप्पा, आमचा रस्त्यावरचा मजूर.

एका बाजूला तळं साचलेलं. दुसऱ्या बाजूला नुसता चिखल. रस्त्याच्या कडेने लांबलचक भेग. सकाळीच मी ती मुरमाने बुजवली होती. वर कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर चूक माझीच निघाली असती.

भेग पुन्हा उघडली होती.

साडेपाचची एसटी यायची होती.

तेवढ्यात बेडूक एकदम गप्प झाले...

खच्च... खच्च...

भरावाच्या पोटात कुणीतरी कुदळ मारत होतं.

"मिस्त्री, ऐकलं का?" बिरप्पा पुटपुटला. "आत कोन हाय?"

मी खाली वाकून बघितलं. भरावाच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं. बघता बघता ते गढूळ झालं. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चालली.

कुदळ थांबली...

आणि लांबून हॉर्न ऐकू आला.

"बिरप्पा, पळ! गाडी अडव!"

आम्ही दोघे धावत सुटलो. मी सदरा काढून हवेत फिरवला. एसटी भरावाच्या अलीकडे कशीबशी थांबली.

ड्रायव्हर खाली उतरला. तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या मागे बघत होता.

"ती म्हातारी कोन ओ? भरावावर उबी हाय. कवाधरनं तुमाला हात करून माघारी बोलवतीय."

मी वळलो.

रस्ता रिकामा होता...

मग भराव मधोमध खाली बसला. फार आवाजही झाला नाही. ओलं पोतं जमिनीवर टेकावं तसा बसला.

चाळीस माणसं वाचली. लोकांनी माझी पाठ थोपटली. बिरप्पाला कुणीच दिसलं नव्हतं. ड्रायव्हर मात्र देवाची शपथ घेऊन सांगत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात तिथे पक्की मोरी झाली. मी स्वतः उभा राहून करून घेतली.

तरीही...

माझी मुलगी अक्कलकोटला दिली आहे. पावसाळ्यात मी तिकडे जात नाही. नातवाच्या बारशालाही गेलो नाही. ती अजून रागावते. तिला सांगावं असं फार वाटतं, पण काय सांगू? नागव्वा एसटीला अडवत नव्हती, खचणाऱ्या भरावावर मला माघारी बोलावत होती... आणि तिने बोलवावं असंच मी वागलो होतो.