चिमे, दार उघड

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा म्हणून मी गळ घालणार नाही. तुम्ही नाही ठेवलात, तर उलट माझी लाज थोडी झाकली जाईल.

दिवस बुधवार, ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ कोकणात धडकलं तो दिवस.

जागा नाशिक. इंदिरानगरमधला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

आणि रात्र वगैरे नव्हती. भरदुपार होती.

मी दीपक. अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर. मूळ आम्ही चांदवडचे. माझी धाकटी बहीण चैताली कोकणात, श्रीवर्धनकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. इकडे बदली मिळावी म्हणून दरवेळी अर्ज करते, दरवेळी नंबर हुकतो. तिचे मिस्टर दुबईत. म्हणून मार्चमध्ये आमची आई आठ दिवस तिच्या सोबतीला गेली आणि लॉकडाऊनमध्ये तिकडेच अडकली.

वादळाच्या दोन दिवस आधी चैतालीचा फोन आला.

"दादा, इथे सगळे घाबरलेत रे. माझं घर कौलारू, मागे माडाची झाडं. पास मिळतोय, गाडीवालापण तयार आहे. आम्ही दोघी नाशिकला येऊ का?"

मागे आई खोकत होती.

तो खोकला मी ऐकला... आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, सोसायटीवाले लई कडक झालेत. बाहेरच्या जिल्ह्यातलं कुणी नको म्हणतात. तरी चेअरमनशी बोलून बघतो."

मी चेअरमनशी बोललोच नाही.

ते आमच्याच जिन्यात राहतात. त्या संध्याकाळी भेटलेसुद्धा. आम्ही दूधवाल्यावर बोललो. मी हे सोसायटीच्या नावावर खपवलं, पण भीती माझी होती. लहान घर, आईचा खोकला, शेजाऱ्यांच्या नजरा... एवढीच माझी हिंमत.

दुसऱ्या दिवशी मेसेज टाकला. "नाही म्हणतात गं. सॉरी."

तिचं उत्तर लगेच आलं. "बरं दादा. तुम्ही काळजी घ्या."

बुधवारी सकाळपासून मी टीव्हीसमोर बसलो. पडद्यावर तो पांढरा भोवरा किनाऱ्याकडे सरकत होता. मी तिला फोनवर फोन करत होतो. खिडक्या बांधून घे. मोबाईल चार्ज कर. मेणबत्त्या काढून ठेव. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तेच. काळजी मात्र खरी होती.

दुपारी शेवटचा फोन लागला.

"सगळं गाव शाळेत गेलंय दादा. आम्ही घरीच थांबलोय."

"घरी? वेडी आहेस का तू? शाळेला स्लॅब आहे ना?"

"आईचा खोकला थांबत नाही. त्या गर्दीत कोण घेईल आम्हाला? सख्ख्या..."

ती मध्येच थांबली.

पुढचा शब्द तिने उच्चारला नाही. मला मात्र तो स्पष्ट ऐकू आला.

मग फोनमध्ये वारा घुसला. शिट्टीसारखा, मग गुरासारखा हंबरणारा... आणि फोन कट.

पुन्हा लावला. बंद.

मी फोन टीपॉयवर ठेवला. टीव्हीचा आवाज बंद केला.

वाऱ्याचा आवाज थांबला नाही...

मी गॅलरीकडे पाहिलं. दोरीवरचे कपडे जागच्या जागी लटकत होते. पान हलत नव्हतं. आणि माझ्या दोन्ही कानांत तो वारा सुरूच.

तेवढ्यात किचनमधून बायकोची, उज्वलाची हाक आली. "अहो, पानं घेतलीत, चला."

"आलो," मी म्हणालो.

आवाजच निघाला नाही.

घसा बसला नव्हता, दुखतही नव्हता. आवाज नव्हताच. कुणीतरी काढून नेल्यासारखा.

उज्वला हॉलमध्ये आली. सोफ्याकडे, सरळ माझ्याकडे तिने पाहिलं... आणि वळून बेडरूममध्ये गेली. तिथून गॅलरीत. मग दार उघडून जिन्यात डोकावली.

"अहो? न सांगता कुठे गेलात?"

मी सोफ्यावरच होतो. तिच्यापासून चार हातांवर. उठायला गेलो तर पाय हलेनात. तोंड उघडं, आवाज नाही.

ती पुन्हा समोरून गेली. पुन्हा मी दिसलो नाही.

असं किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. कधीतरी कानातला वारा अचानक थांबला. मला जोराचा ठसका लागला. उज्वला धावत बाहेर आली आणि दारातच किंचाळली.

"तुम्ही आत कधी आलात?"

"मी इथेच होतो."

"काहीतरीच काय! सोफा रिकामा होता. मी दोनदा बघितलं."

माझा आवाज घोगरा झाला होता. तासभर कुणावर तरी ओरडून आल्यासारखा.

त्यानंतर कोकणातून काहीच कळेना. वीज नाही, टॉवर पडलेले. मी नंबर फिरवत राहिलो. जेवण जाईना. चार-पाच दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. उज्वला शेजारीच होती, मी स्पीकर लावला.

"दादा..." चैताली रडत होती. "आम्ही बऱ्या आहोत. माड घरावर पडला. आईच्या पलंगावरच. तू आला नसतास तर आज..."

"मी?"

"अरे, तुझ्याशी नीट बोलायलाही मिळालं नाही. फाटकातून हाक मारलीस ना, 'चिमे, दार उघड!' तेव्हा मला वाटलं भास झाला."

तिला चिमी फक्त मी म्हणतो. तेही लहानपणी. आता कित्येक वर्षं म्हटलेलं नाही.

ती बोलत राहिली. तोंडाला रुमाल होता म्हणे. त्याने आईला पाठीवर घेतलं. शाळेच्या दारात लोक कुजबुजले, तर त्यांच्यावर ओरडला, "माझी आई आहे. जागा द्या!" लोकांनी निमूट जागा दिली. मग गॅस बंद करून येतो म्हणून गेला... तो परत आलाच नाही.

"रस्ता बंद व्हायच्या आत निघालास ना? आणि दादा, जाताना म्हणालास, 'मी नको म्हटलं ते मनात ठेवू नको.' मी तेव्हाच विसरले रे सगळं."

उज्वला माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

खरं सांगायची हीच वेळ होती.

"हो गं," मी म्हणालो. "निघालो लगेच."

सगळ्या नातेवाइकांत माझं नाव झालं. भाऊ असावा तर असा. मी मान खाली घालून ऐकून घेत होतो, लोकांना तो माझा साधेपणा वाटायचा.

गणपतीनंतर आई नाशिकला आली. एका सकाळी ती गॅलरीत मेथी निवडत होती. उज्वला बाजारात गेली होती. मला राहवेना.

"आई, त्या दिवशी कोकणात..."

"तू नव्हता तो," मेथीवरची नजर न काढता ती म्हणाली. "ठाऊक हाय मला."



"कशावरून?"

"आवाज तुझाच. हात बी तुझेच. पन त्यानं दारात आल्याआल्या पयलं काय इचारलं? 'आई, जेवलीस का?'" ती जुडी सोडत राहिली. "तू कधी इचारलं?"

मी आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं.

"मग तू नाही म्हणायचं ना! कोण, कुठला... तरी त्याच्या पाठीवर बसलीस?"

"बसले." आईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. "दुसरं कोन येनार व्हतं?"

चैतालीला खरं सांगितलेलं नाही. तो कोण होता, माझ्यातलंच काही होतं की माझं रूप घेतलेलं दुसरंच काही, मला माहीत नाही.

परवा दुपारी मी बेडरूममध्ये पडलो होतो. उज्वला किचनमध्ये होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

आणि ती हसत म्हणाली, "हो हो, जेवले मी. हल्ली किती वेळा विचारता!"

मी काहीच विचारलं नव्हतं...

हल्ली ती खुशीत असते. मी पडल्या पडल्या ओरडून म्हणालो, "बरं, बरं."

विचारणारा मी नव्हतो, हे तिला अजून सांगितलेलं नाही.