कै. लाडकुंवरबाईंचं टेबल

खोटं वाटत असेल त्याने खुशाल पुढे सरकावं. मला कोणाला पटवायचं नाही. पण ही आमच्या घरात घडलेली गोष्ट आहे, आणि घडली ती भरदुपारी. मागच्या वर्षी, अकरा मे. जळगाव. बाहेर पंचेचाळीस डिग्री.

मी संयम. जुन्या फर्निचरचे लिलाव करतो. जुन्या म्हणजे... खरं सांगायचंच ठरवलंय तर ऐका, त्यातलं निम्मं नवं असतं.

हे टेबलही नवंच होतं. लिहायचं टेबल, नक्षीदार पाय, दोन्ही बाजूंना खण. शिरपूरच्या रोहिदास मिस्त्रीने दिवाळीनंतर केलेलं. साखळीने ठोकून ओरखडे पाडले, चहाचं पाणी चोळलं... झालं शंभर वर्षांचं.

आता फक्त गोष्ट हवी होती. लोक लाकूड घेत नाहीत हो, गोष्ट घेतात.

दुपारी एक वाजता मी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'कै. लाडकुंवरबाई, सावदा, यांचं लिहिण्याचं टेबल.' फोटो काढला, ग्रुपवर टाकला. दोनशे गिऱ्हाइकं आहेत त्यात.

लाडकुंवरबाई माझ्या सख्ख्या आत्या. आमच्यात भुवासा म्हणतात. मी चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून मला त्यांनीच वाढवलं.

आणि त्या धडधडीत जिवंत होत्या.

जुनं वाटेल असं नाव हवं होतं, तेच आधी सुचलं. जिवंत माणसाच्या नावाआधी 'कै.' लावू नये, हे शेंबडं पोरही सांगेल. मी हसत हसत लावलं. गाढवपणा, दुसरं काय!

लिलाव चार वाजता होता. माणसं जेवायला गेली. हॉलमध्ये मी एकटा. तेवढ्यात वीज गेली, कूलर थांबला. एकदम सामसूम.

टक... टक... टक...

तीनच वेळा. टेबलाकडून.

उंदीर असेल, म्हटलं.

पुन्हा... टक... टक... टक...

हा आवाज मी ओळखत होतो.

भुवासा कुठलंही कपाट, कुठलाही खण उघडण्याआधी बोटाने तीनदा वाजवतात. आत मुंगी असेल, झुरळ असेल, तर त्याने बाजूला व्हावं, चिरडू नये. आम्ही जैन. पण इतकं हल्ली कोण पाळतं? त्या पाळतात. साठ वर्षं झाली.

मी बघत असतानाच डावा खण... बोटभर बाहेर आला.

आत काहीच नव्हतं. पण पॉलिशचा वासही नव्हता. वास होता लवंगेचा.

भुवासांच्या तोंडात दिवसभर लवंग असते.

मी रोहिदासला फोन लावला. जुन्या घराचं, कोणाच्या पलंगाचं लाकूड घातलंस का रे, म्हणून विचारलं.

"बठ्ठं लाकूड नवं शे, भाऊ," तो म्हणाला. म्हणजे जुनं काहीच नव्हतं त्यात.

मग सावद्याला लावला. हिनाभाभीने उचलला, भुवासांच्या सुनेने. मम्मी बऱ्या आहेत, जेवल्या, बोलतात, असं ती सांगत होती. पण आवाज घाबरलेला.

"भैया, मम्मी कपाट वाजवतात ना... एक वाजल्यापासून त्याचा आवाजच येत नाही. बोट आपटताना दिसतं. पण आवाज नाही."

एक वाजताच मी ते 'कै.' लिहिलं होतं.

पुठ्ठा टराटरा फाडला. ग्रुपवरचा फोटो उडवला. तोवर चौघांनी तो पुढे पाठवला होता. एकाने तर खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं.

लिलाव गेला खड्ड्यात. टेबल टेम्पोत टाकलं आणि सावद्याकडे निघालो. भुसावळ ओलांडेपर्यंत मागून टकटक येत होती. मग तीही थांबली... आणि मला जास्तच भीती वाटायला लागली. माझ्यामुळे त्यांना काही झालं, तर मी कोणाला तोंड दाखवणार होतो?

भुवासा पलंगावर बसल्या होत्या. मी पाय धरले. सगळं कबूल केलं, लहान मुलासारखा रडलो.

त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "माझं टेबल आणलंस ना? इथं ठेव."

मग उठल्या. डाव्या खणावर बोट वाजवलं.

टक, टक, टक.

आवाज आला.

भुवासा आजही ठणठणीत आहेत. टेबल त्यांच्याच खोलीत आहे. गोष्ट इथं संपली असती, तर मी लिहीत बसलो नसतो.

मागच्या महिन्यात सावद्याला गेलो होतो. भुवासांना चष्मा हवा होता. डाव्या खणात आहे, म्हणाल्या. मी तीनदा वाजवलं आणि कडी धरली. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात अडवला.

"थांब जरा. आत म्हातारी आहे. तिला सरकायला वेळ लागतो."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्यांचे दोन्ही हात माझ्या हातावर होते... आणि आतून...

टक... टक... टक...

चष्मा मी बाजारातून नवा आणून दिला.

आता रोज दुपारी एक वाजता सावद्याला फोन लावतो. मी काही विचारायच्या आधीच हिनाभाभी सांगते, आवाज येतोय म्हणून. आधी बाहेरून येतो की आतून, ते मी विचारत नाही.